डावीकडे वळायचा उजवा हात

परवा पक्क्या लायसनच्या टेस्टमध्ये मी नापास झाले. गाडी चढावर बंद पडली, असं कागदावर आहे. खरं कारण भिंतीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होतं.

तयारीत मी कसर ठेवली नव्हती. कच्चं लायसन निघाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, मी ५० थांबले. गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावली, तीही नियमातली: १८ सेंटिमीटर चौरस, पांढऱ्यावर लाल, अक्षर १० सेंटिमीटर उंच. बाकीचे लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे तिरपे लावून येतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही, ते एक असो.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचा अर्थ टेस्टच्या दिवशी कळतो. शिकताना गाडी बंद पडत नाही, कारण मास्तर फोनवर बोलता बोलता आपल्या बाजूचा क्लच दाबून असतात. फी आपण भरतो, सराव त्यांचा होतो. म्हणून निदान आठवडाभर अशा गाडीत शिकावं, जिच्यात डाव्या सीटसमोर पायपुसण्याशिवाय काही नाही. शेजारी पक्क्या लायसनचं जाणतं माणूस हवंच. त्याचा हात हँडब्रेकजवळ आणि तोंड बंद.

नागपूर सपाट, त्यामुळे चढ शोधावा लागतो. फ्लायओव्हरवर थांबून शिकायचं म्हणजे अख्ख्या गावाचे हॉर्न अंगावर घेणं. त्यापेक्षा पहाटे सेमिनरी हिल्सला जावं. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तोच हाफ क्लच. पाय तिथंच गोठवायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि मग हँडब्रेक सोडायचा. लोक हँडब्रेक आधी सोडतात आणि गाडी मागे घरंगळत असताना हाफ क्लच शोधतात. घाबरून क्लच पूर्ण सोडला की खेळ खलास. त्यात आमचा मे महिना. एसी लावला तर कॉम्प्रेसर छोट्या इंजिनाची ताकद खातो, बंद केला तर स्टेअरिंगवर भाकरी भाजून निघेल.

रिव्हर्सचा ‘एच’, म्हणजे खांबांमधून इंग्रजी ‘एच’च्या आकारात गाडी मागे घेणं, त्या मानानं हिशेबाचा. स्टेअरिंग मधून टोकापर्यंत साधारण दीड वळसा जातं. ते गाडी सरकत असतानाच फिरवायचं. उभ्या गाडीत फिरवलं की टायर घासतात आणि चाक किती वळलं याचा अंदाज जातो. जेवढे वळसे दिले तेवढेच मोजून परत. सगळ्यांचं लक्ष मागच्या कोपऱ्यावर असतं आणि खांब पाडतं गाडीचं नाक, कारण रिव्हर्समध्ये वळताना ते बाहेरच्या अंगाला झुलतं. दुचाकीच्या ‘आठ’बद्दल एवढंच: नजर पुढच्या वळणावर, पुढच्या ब्रेकला हात नाही, पाय जमिनीला नाही.

हे सगळं मला येत होतं. राहिले होते हाताचे इशारे.

उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर. थांबायचं तर कोपरातून वर उभा. आणि डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. टेस्ट घेणारे साहेब म्हणाले, ‘‘लेफ्ट दाखवा.’’ मी दाखवला. भिंतीवरचे काका उठून आले.

डोक्याला पांढरा दुपट्टा, बोटात खर्‍याची पन्नी, हनुवटी आभाळाकडे.

‘‘ओआऊन आह्यल्या आ?’’

‘‘काय?’’

काकांनी बाजूला पिचकारी टाकली. ‘‘बोलावून राह्यल्या का मले?’’

‘‘नाही हो काका, डावीकडे वळायचा इशारा आहे हा.’’

‘‘हात तं उजवा आहे.’’

‘‘उजवाच लागतो. डावा बाहेरून दिसत नाही नं.’’

‘‘मंग उजवीकडेच वळा नं, ताई. डावीकडे काऊन जाता?’’

साहेब फॉर्मकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

‘‘आन् कंपनीनं इंडिकेटर कायले देल्लं? मी तीस वर्षं झाले गाडी चालवून राह्यलो, एकदा हात नाही काढला बाहेर. मुंडी काढतो, तेही थुकायले.’’

‘‘काका, टेस्ट चालू आहे माझी. सरका.’’

‘‘चालू द्या नं. मी काही म्हणून राह्यलो का?’’

म्हणून राहिले नाहीत, सोबत चालू लागले. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवून चढापर्यंत आले. मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पाय वर आणू लागले. आवाज जड झाला, नाक उचललं.

‘‘सोडा क्लच! सोडा, सोडा!’’

मी सोडला. पन्नास दिवसांची शिकवणी एका बाजूला आणि खड्या आवाजात ओरडणारा पुरुष एका बाजूला; पाय कोणाचं ऐकतो हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याचाच संताप अजून उतरलेला नाही. गाडी एक उडी मारून मेली.

‘‘पेट्रोल पाहा,’’ काका म्हणाले. मग मागच्या सीटकडे डोकावून, ‘‘मिस्टर नाही आले का?’’

आता सात दिवस थांबून पुन्हा अर्ज, टेस्टची फी पुन्हा ३०० रुपये. तीनदा नापास झाले तर ६० दिवस घरी. मी व्हरायटी चौकात कधी ‘एच’ काढणार आहे कोण जाणे. तिथं रोज राँग साइडनं अंगावर येणाऱ्यांच्या खिशात मात्र पक्की लायसनं आहेत.

काकांनी ॲक्टिव्हा काढली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि गेटातून उजव्या कडेनं उलटे निघाले. माझ्याजवळ येऊन थांबले.

‘‘बुधवारी आमच्या भाचीची बी टेस्ट हाय. येतोच मी. तुम्ही फक्त हात करा.’’