सिम्युलेटरला आपला रस्ता कोणी दाखवलाय का?

आपल्याकडच्या काही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आता सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून गाडी चालवायला शिकवणारं नकली गाडीचं यंत्र, दिसायला लागलेत. तीन स्क्रीन, एक सीट, स्टिअरिंग, तीन पेडल, गेअरचा दांडा आणि एसी खोली. पोरं खूश, त्यांचे आईबाप त्याहून खूश. माझाही विरोध नाही. हाफ क्लचवर गाडी बंद पाडणं आणि खाली बघून गेअर टाकणं हे भर चौकात करण्यापेक्षा खोलीत केलेलं बरं. पण हे यंत्र खऱ्या रस्त्यासारखं वागतं का, हे कोणी तपासलंय? आणि तपासलं असेल तर कुठल्या रस्त्याशी ताडून?

प्रश्न उगाच उकरून काढलेला नाही. २०२१ च्या जुलैपासून केंद्राचा नियम लागू आहे: मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर हवा आणि टेस्टचा ट्रॅकही हवा. हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा, जड वाहनाचा ३८ तासांचा, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. म्हणजे त्या खोलीत जे शिकवलं जाईल ते घेऊनच पोरगा सुरत-नागपूर हायवेवर उतरणार. मग ते खरं किती, हे विचारायला नको?

विमानाच्या सिम्युलेटरचं बघा. ते यंत्र खऱ्या विमानाच्या उड्डाणात मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघितल्याशिवाय पायलटच्या ट्रेनिंगला वापरताच येत नाही. रस्त्याच्या सिम्युलेटरची तपासणीही जगात वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिची रीत अगदी सरळ आहे. तेच ड्रायव्हर, तोच रस्ता. आधी खऱ्या गाडीत यंत्रं बसवून वेग, ब्रेकवर पाय कुठे गेला, पुढच्या गाडीपासून अंतर किती, लेनमध्ये गाडी कुठे, हे सगळं टिपायचं. मग त्याच रस्त्याचं चित्र सिम्युलेटरमध्ये उभं करून पुन्हा टिपायचं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

त्यात दोन कसोट्या लावतात. पहिली कडक: आकडे जुळतात का? दुसरी सैल: आकडे नाही जुळले तरी कल जुळतो का? समजा, एक ड्रायव्हर कन्नड घाटाच्या वळणावर खरोखर ३० ने जातो आणि सपाटीला ६० ने. सिम्युलेटरमध्ये तोच ४० आणि ७५ ने गेला. आकडे चुकले, पण वळणावर वेग कमी केला हे बरोबर आलं. बहुतेक अभ्यासांत सिम्युलेटर सैल कसोटीला उतरतात, कडक कसोटीला पुष्कळदा नाही. संशोधकाला तेवढं चालतं, कारण त्याला फक्त हा रस्ता बरा की तो, एवढंच ठरवायचं असतं. शिकाऊ पोराला नाही चालत. ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, हे त्याच्या पायाला मीटरमध्येच कळायला हवं.

वेग का चुकतो? आपण वेग काट्यावर बघत नाही, डोळ्यांच्या कडेनं पळणाऱ्या निंबाच्या झाडांवरून आणि खांबांवरून ओळखतो. स्क्रीन कडेला संपते, वेग कमी भासतो आणि पाय आपोआप दाबला जातो. दुसरं कारण शरीराचं. आमचे मामा आयुष्यभर ट्रकवर होते. भाच्याच्या हट्टापायी ते त्या सीटवर बसले, आणि थोड्या वेळात उठून म्हणाले, "ब्रेक मारा तरी पोटमा काहीच व्हत नही भो, चक्कर मात्र यी राहिनी!" पोरं हसली. पण मामांनी दोन वाक्यांत शास्त्र सांगितलं होतं. डोळे म्हणतात गाडी थांबतेय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणातून मळमळ येते, आणि मुरलेल्या ड्रायव्हरला ती नवख्यापेक्षा जास्त येते असं बऱ्याचदा दिसलंय, कारण ब्रेकला काय वाटायला हवं हे त्याच्या शरीराला पाठ असतं. पोटात धक्का नसला की माणूस ब्रेक उशिरा आणि जोरात दाबतो. म्हणून इंग्लंडात लीड्स विद्यापीठात अख्खी मोटार घुमटात बसवलीय आणि तो घुमट रुळांवर सरकतो. लांबलचक ब्रेकिंग दाखवायला असे घुमट पुढे कलवतात, म्हणजे आपलंच वजन पुढे ओढल्यासारखं वाटतं. एवढी महागडी यंत्रं तालुक्याला कोण आणणार? नाही आणता येणार, मान्य. मग त्या सीटवर ब्रेक शिकवल्याचा दावा तरी करू नका.

माझं खरं दुखणं मात्र स्क्रीनवरच्या ट्रॅफिकचं आहे. संगणकातल्या गाड्या कशा पळवायच्या, याचं गणित असतं. त्यात एक जर्मन मॉडेल प्रसिद्ध आहे, विडेमनचं, १९७४ सालचं. त्यात प्रत्येक गाडी आपल्या पुढच्या गाडीकडे बघून वेग ठरवते. जिथे लेन आहे तिथे हे छान चालतं. आपल्याकडे भारतीय रस्त्यासाठी असली मॉडेलं नव्याने जुळवून घ्यावी लागतात, कारण आपल्या गाडीला पुढची एक गाडी नसते. दीड गाडी पुढे असते, अर्धी डावीकडे, आणि एक मोटरसायकल रॉंग साइडने.

मी पाहिलेल्या सिम्युलेटरवर रुंद, स्वच्छ रस्ते होते आणि सिग्नलला थांबणाऱ्या गाड्या. शहाद्याकडची उसाची डबल ट्रॉली कुठे आहे, जिच्या मागे लाल दिवा नसतो? सावदा-रावेरहून निघालेला केळीचा ट्रक कुठे आहे, ज्याला माल पिकायच्या आत पोचायची घाई असते? चैत्रात सप्तशृंगगडाकडे निशाण घेऊन रात्री कडेनं चालणारी माणसं, ठेलाऱ्यांची मेंढरं? आणि समोरून अप्पर मारून येणारा, डिपर द्यायचं नाव न घेणारा कंटेनर? तो तर स्क्रीनवर दाखवताच येत नाही, कारण स्क्रीनला तेवढा उजेडच नाही. रात्रीचं आंधळेपण सिम्युलेटरमध्ये शिकलो असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आता उलट बाजू. रस्त्यावर जे शिकवताच येत नाही, तिथे हे यंत्र सोन्यासारखं आहे. घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतो, लायनिंगची पकड जाते, पेडल असतं पण गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरवली तर इंजिनचा धरही जातो. ज्या गेअरवर घाट चढायचा त्याच गेअरवर उतरायचा, हे जुने ड्रायव्हर क्लीनरला पहिल्या खेपेला सांगायचे. जुलै २०२३ मध्ये बिजासन घाटाजवळच्या पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला, तेव्हा ब्रेक निकामी झाल्याचंच सांगितलं गेलं. बिजासन घाटाचा उतार, तापत जाणारा ड्रम आणि सुटत जाणारी पकड हे सिम्युलेटरमध्ये घाला आणि जड वाहनाच्या प्रत्येक उमेदवाराला ते उतरवायला लावा. इथे तो चुकला तर कोणी मरत नाही. मी बघितलेल्या यंत्रात हेच नव्हतं. पार्किंग मात्र तीन प्रकारचं होतं.

धुळे, जळगाव, शिरपूर, फैजपूर, सगळीकडे इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचा विषय शोधत फिरतात. फागणे ते पारोळा हा पट्टा घ्या. वीसेक ड्रायव्हर, निम्मे मुरलेले, निम्मे नवे. डॅशबोर्डवर मोबाईल, त्यातला जीपीएस आणि हादरे मोजणारा सेन्सर वेगाला आणि ब्रेकला पुरेसा आहे. मग तोच पट्टा संगणकात उभा करा, बैलगाड्या आणि अ‍ॅपे रिक्षांसकट, आणि तेच ड्रायव्हर पुन्हा बसवा. आकडे जुळले तर छानच. नाही जुळले तर कुठे आणि किती, ते स्कूलच्या भिंतीवर चिकटवा: 'इथे क्लच-गेअर शिका, ओव्हरटेक रस्त्यावरच शिका.' मामांना विचारलंय. तपासणीला ते पुन्हा बसायला तयार आहेत, फक्त आधी जेवणार नाहीत म्हणे.