पोरांना वाचण्यापासून वाचवा

अभिनंदन, यंदा लायब्ररीचा चार्ज तुमच्याकडे आलाय. म्हणजे स्टाफ मीटिंगला तुम्ही उशिरा पोचलात, दुसरं काही कारण नसतं. माझ्याकडे तो सहा वर्षं होता, तेव्हा अनुभवाचे दोन शब्द ऐका.

सगळ्यात आधी किल्ली. कपाटाची किल्ली क्लार्ककडे ठेवायची आणि क्लार्कची किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. शिक्षण हक्काच्या, म्हणजे आरटीईच्या कायद्यात 2009 पासून लिहिलंय की प्रत्येक शाळेत लायब्ररी पाहिजे आणि त्यात गोष्टींची पुस्तकंसुद्धा पाहिजेत, बरोबर आहे, पाहिजेतच, पण ती कपाटातून बाहेर काढा असं कुठं लिहिलंय? 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी काढायची, पोरांच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि मोजून परत आत. मोजायला विसरू नका, मागे एक कमी भरलं होतं आणि ते माझ्या पगारातून जाईल असं मला हसत हसत सांगण्यात आलं.

तरी एखादं पोरगं येतंच, "मॅडम, काहीतरी भारी द्या ना." घाबरायचं नाही. चरित्र द्यायचं, थोर पुरुषाचं. सहावीतल्याला, नववीतल्याला, क्रिकेटवेड्याला, नुकतीच आजी गेलेल्याला, सगळ्यांना तेच. विविधता हवी असं वरून पत्र आलं तर त्याच थोर पुरुषाची पाच प्रकाशनांची पाच चरित्रं लावा, कव्हरं वेगवेगळ्या रंगांची असतात, लांबून छान दिसतं.

गोष्ट मागितलीच तर बोध शेवटच्या पानावर ठळक छापलाय का ते आधी बघून घ्या. नुसती मजा देणारी पुस्तकं फार डेंजर. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा काडीपैलवान फास्टर फेणे, ट्टॉक करत सगळीकडे नाक खुपसणारा, त्यातून परीक्षेला काय येणार सांगा? विज्ञानकथा तर नकोच, त्यात विज्ञान असलं तरी ती शेवटी कथाच. खुद्द नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं असणारच ना त्यात!

आता नाजूक विषय, कुणाला कुणाची गोष्ट द्यायची. आपल्या कपाटातली बहुतेक पोरं मे महिन्यात मामाच्या गावाला जातात, आंबे खातात, विहिरीत पोहतात आणि संध्याकाळी परवचा म्हणतात. हे असंच राहू द्या. आमच्या वर्गात एक मुलगी होती, आईबाप ऊसतोडीला, दिवाळीनंतर गायब आणि थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर हजर. तिनं एकदा विचारलं, बाई, ह्यातली पोरं शाळा बुडवून फडावर कधीच जात नाहीत का? बघा, किती अवघड प्रश्न. तिला तिच्यासारख्या पोरीची गोष्ट द्यायची नाही, ते सगळं ती घरी बघतेच की. आणि बंगल्यातल्या पोरांनाही द्यायची नाही, ती घरी जाऊन काहीबाही विचारतात, मग पालक आपल्याला फोन करतात. अण्णाभाऊंची 1959 सालची 'फकिरा' आहे आपल्याकडे, पण ती जयंतीच्या दिवशी टेबलावर फोटोशेजारी ठेवायला. वाचायला दिली तर हार कशाशेजारी ठेवणार?

मोहल्ल्यातली, पाड्यावरची पोरं गोष्टींत नाहीत अशी तक्रार आली तर 'मागणी नोंदवली आहे' म्हणा. आणि हो, मुलींचं पुस्तक मुलाला देऊ नका, मुलगी नायिका असलेलं काही वाचलं की पोरगं म्हणे बिघडतं. मुलींनी मुलांची वाचली तर चालतं, त्यांना सवय असते.

एक धोका मात्र सांगून ठेवते. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक फुकट ऑनलाइन आहेत. हे पोरांना कळू देऊ नका, मोबाईल वाईट आहे एवढंच सांगत राहा.

माझी स्वतःची चूक सांगते. सातवी ब मधल्या एकीला, जी वाचनाच्या तासाला बाकावर झोपायची, मी कंटाळून भुताच्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक दिलं, वर्तमानपत्राचं कव्हर, मधली चार पानं सुटलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आधी ती दारात उभी, डोळे लाल, पुस्तक पोटाशी धरलेलं, सुटलेली पानं शिवणीच्या दोऱ्यानं नीट शिवलेली, आणि मागं तिच्या वर्गातल्या तिघी. म्हणाली, "बाई, दुसरा भाग आहे का?" मधल्या सुट्टीपर्यंत अकरा जण झाले, त्यात तीन मुलगे, रजिस्टरची पानं संपली, क्लार्क चिडला, कपाट दिवसभर उघडं राहिलं. हा असा गोंधळ होतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सरळ सांगायचं, पुस्तक बाईंडिंगला गेलंय. मीही तेच सांगितलंय. दुसरा भाग पर्समध्ये आहे माझ्या, अजून चाळीसेक पानं राहिलीत.