तीस दिवस ठेवा, मग बोंबला

आपल्याकडं रेंज म्हणजे स्लॅबवर, तीही पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात. म्हणून तुम्ही वर चढून यूजनेटचे (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्याचे) न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार चर्चेचे गट, थंडरबर्ड या मेल वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेता आणि लाइन गेली तरी खाली सपरीत निवांत वाचत बसता. छान. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन पोरांनी यूजनेट डोक्यातून काढलं तेव्हा संदेश रात्री फोनच्या तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जायचे. यवतमाळकडचं खेडं पाहूनच सुचलं असणार.

आता कापूस वेचणीच्या तोंडावर थंडरबर्डात न्यूजग्रुपच्या खात्याच्या सेटिंगात जा, 'तीस दिवसांहून जुने संदेश काढा' यावर खूण करा आणि सव्वा महिना वावरात घाला. परत याल तेव्हा न वाचलेलेही गेलेले असतील. वाचलं की नाही हे ते सेटिंग पुसतच नाही, फक्त तारीख पाहते. सोसायटीच्या कर्जाची तारीख तरी कुठं पुसते, कापूस विकला का म्हणून?

तारा लावलेले संदेश राखून ठेवायचीही एक खूण तिथंच आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. आमची आई बियाण्याची तूर राख लावून वेगळ्या गाडग्यात ठेवायची, घरातली डाळ संपली तरी त्याला हात लागू द्यायची नाही. जुन्या वळणाची बाई.

'सर्व्हरवर, म्हणजे जिथून संदेश उतरवले त्या पलीकडच्या यंत्रावर, असेलच की' हे वाक्य पाठ करून ठेवा. सर्व्हरची मुदत सर्व्हरवाला ठरवतो; तुम्ही लॅपटॉपवर वर्षभर ठेवा म्हटल्यानं तिकडं एक दिवस वाढत नाही. गूगल ग्रुप्सनं तर २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचं नवं काही घेणंच सोडलं, जुनं तेवढं दिसतं. तरी तुम्ही नुसती शीर्षकंच उतरवत जा. सहा महिन्यांनी टिचकी माराल तर शीर्षक आहे, मजकूर नाही: पत्रिका हातात अन् लग्न उरकलेलं.

माझी प्रगती याच्याही पुढची. उन्हाळाभर लॅपटॉप बंद होता, आतला नाण्याएवढा सेल बसला आणि घड्याळ भलत्याच सालात गेलं. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, तारीख त बराबर करा न पयले." केली. साल एकानं पुढचं पडलं. सगळेच संदेश एका झटक्यात वर्षभर म्हातारे झाले आणि गेले.

पण ते खरे गेलेले नव्हते. काढलेला मजकूर फोल्डर कॉम्पॅक्ट होईस्तोवर, म्हणजे काढलेल्याची जागा खरोखर मोकळी करेस्तोवर, फाइलीत तसाच पडून राहतो. ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर बरंच काही हाती लागतं. पोरगा हे सांगायला संध्याकाळी आला. मी दुपारीच कॉम्पॅक्ट केलं होतं. १८ एमबी मोकळे झाले.