आशाताईच्या मोबाईलमधला ‘नववा प्रश्न’ आणि मावशीच्या ग्रुपवरची अक्कल

“आशाताईला मनाचे प्रश्न विचारू देऊ नका, तुमचं घर वेड्यांच्या यादीत जाईल” असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. लाल ठिपके, जोडलेले हात, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. एरवी असलं काही मी उघडतसुद्धा नाही. पण हा मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि एवढ्यावर थांबली नाही. आशाताई दारात आली तेव्हा “आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत” म्हणून तिला फाटकातूनच परत लावलं. काका पेरणीपासून शेताकडे फिरकलेले नाहीत, रात्री दोनला उठून ओट्यावर बसून राहतात, हे अख्ख्या गल्लीला दिसतंय. म्हणून हा खटाटोप.

आधी आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, नेमकं विचारते काय? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म ती भरते. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबर किती, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, असली माहिती. त्यातच दोन प्रश्न मनाचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास किंवा हताश वाटतं का. उत्तरांची बेरीज जास्त आली की उपकेंद्रातल्या सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे) किंवा पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांकडे जायला सांगायचं. एवढंच. पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य किती आहे ते पाहणारी नऊ प्रश्नांची पूर्ण यादी ही त्यापुढची पायरी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

आता त्याचा पहिला बाँब: “तुमचं नाव मनोरुग्ण म्हणून नोंदलं जाईल, मग कर्ज मिळणार नाही, शेत नावावर राहणार नाही.” सातबाऱ्यावर तलाठी कुणाच्या उदासीची बेरीज लिहीत नाही हो! एक तर ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टर करतात. आणि समजा निदान झालं, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ स्पष्ट सांगतं की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी ‘अस्थिर बुद्धीचा’ ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. त्याच कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. गावात मात्र मेसेज पोहोचतो, कायदा पोहोचत नाही.

तरी या मुद्द्यात पावशेर खरं आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करते. कायद्यात गुप्तता आहे, ओट्यावर नाही. सासू शेजारी बसलेली, दीर दारात उभा, आणि सुनेला विचारायचं “हताश वाटतं का?” ती काय सांगणार? आशाताई त्याच गावची, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी वहिनी. मोबाईलला पासवर्ड असला तरी आजूबाजूच्या कानांना नसतो. यावर उपाय सोपा आहे: तिला आत बोलवा, किंवा उपकेंद्रात जाऊन उत्तरं द्या. फाटकातून परत लावणं हा उपाय नव्हे.

“दहावी पास बाई मोबाईल हातात घेऊन डॉक्टर झाली का?” हे वाक्य वाचून माझं टाळकं फिरलं. लिहिणाऱ्याने गोव्याचं नाव ऐकलेलं दिसत नाही. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. मध्यमपेक्षा जास्त ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार जरा सुधारून दिले. उरलेल्यांना त्याशिवाय समुपदेशन मिळालं, आणि ते देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. शिकवून तयार केलेली साधी स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. माणूस कशाकशातून अंग काढून घेतोय ते त्याच्याबरोबर बसून शोधायचं आणि एकेक काम पुन्हा सुरू करून द्यायचं, असा सगळा मामला. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले पहिल्या गटात ३९ टक्के, समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे गोव्यात झालं, आपल्या शेजारी, सरकारी दवाखान्यातल्या रोजच्या गर्दीत.

आणि मोबाईल यात येतो तो डॉक्टर बनायला येत नाही. अशी माणसं शिकवायची कशी आणि कोणाला आधी भेटायचं हे त्यांना कळायचं कसं, ही खरी अडचण असते. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या आशाताईंना हीच गोव्याची पद्धत मोबाईलवरून शिकवली गेली. आपल्याकडे नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने ४१ गावांतल्या कार्यकर्त्यांना स्मार्टफोन दिले. त्यात छोट्या फिल्म होत्या, दारू, बेकारी, घरातली भांडणं यांवरच्या. त्या दाखवायच्या आणि मग बोलतं करायचं. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आशाताई टॅबवर प्रश्न विचारायच्या, ती माहिती पीएचसीच्या डॉक्टरांच्या टॅबवर जायची, डॉक्टरांना तिथेच पुढच्या पायऱ्या दिसायच्या, आणि आशाताईला लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत यादी मिळायची की आज कुणाच्या घरी आधी जायचं.

हे सगळं जादूने चालतं असं मी म्हणत नाही. त्याच आंध्रातल्या पहिल्या प्रयोगात ५,००७ लोकांना प्रश्न विचारले, २३८ जणांना मदत लागेल असं दिसलं. त्यांतले आधी मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेलेले होते फक्त दोन. प्रयोगानंतर ३० झाले. पंधरापट म्हणा हवं तर, पण २३८ पैकी २०८ तरीही पोहोचलेच नाहीत. टॅब रस्ता दाखवतो, मजुरी बुडाली तर भरून देत नाही. टीका करायची तर इथे करा, मी तुमच्याबरोबर आहे. आशाताईवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा, हेही लिहा. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

आता ज्यासाठी मुळात बसले तो मुद्दा. मेसेज म्हणतो, “नवव्या प्रश्नापासून सावधान! मरण्याचा विचार येतो का असं विचारून हे लोक चांगल्या माणसाच्या डोक्यात आत्महत्या घालतात.” बाकी सगळं मूर्खपणाचं आहे, हे जीवघेणं आहे.

विचारल्याने विचार पेरला जातो, ही भीती जुनी आहे आणि तपासूनही झाली आहे. २०१४ साली तेव्हापर्यंतच्या १३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मोठी माणसं, तरुण मुलं, उपचार घेणारे, न घेणारे, सगळे त्यात होते. आत्महत्येबद्दल विचारल्यामुळे तसे विचार लक्षणीय वाढले असं एकाही अभ्यासात आढळलं नाही. उलट विचारल्याने असे विचार कमी होण्याची शक्यताच आढाव्यात मांडली आहे. आणि अभ्यास बाजूला ठेवून साधा विचार करा. ज्याच्या मनात काही नाही तो “छे, काहीतरीच काय” म्हणून मोकळा होतो. ज्याच्या मनात आहे त्याला कुणीतरी पहिल्यांदाच तोंडावर विचारलेलं असतं. घरचे विचारत नाहीत. घरचे म्हणतात, “थोडं देवाचं करा, बरं वाटेल.”

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यातही विदर्भ-मराठवाड्यात असला मेसेज फिरवायचा? फवारणीचं औषध गोठ्यात हाताशी ठेवलेलं असतं अशा घरांत?

या एका प्रश्नासाठी तरी मोबाईल हवाच असं माझं मत आहे. कागदावरच्या फॉर्मवर नवव्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं की तो गठ्ठ्यात पडतो, गठ्ठा मासिक बैठकीला जातो, आणि तोवर काय व्हायचं ते होऊन जातं. ॲप नीट बनवलेलं असेल तर उत्तर भरताक्षणी डॉक्टरांकडे खूण जाते. आशाताईला तिथल्या तिथे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावून देता येतो. ऑक्टोबर २०२२ पासून हा नंबर चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मेसेजमध्ये हा नंबर टाकायला एक ओळ लागली असती.

“गोळ्या खपवायचा धंदा आहे, एकदा लागल्या की सुटत नाहीत.” गोव्याच्या त्या समुपदेशनात गोळी नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक केंद्रांसाठीची मार्गदर्शिका तर सौम्य नैराश्यात नैराश्याच्या गोळ्या देऊच नका असं सांगते. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते हे खरं, आणि त्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणणारे मेसेज फिरवणाऱ्यांतच भरपूर सापडतील. नैराश्याच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्या अचानक तोडायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात, इतकंच.

“हे शहरी लोकांचे चोचले, गावात असलं काही नसतं.” अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुठे मदत घेत होते. दीड वर्ष गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केल्यावर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. गावात असतं. बोललं जात नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी, इतकी भीती घालून झाल्यावर, मेसेजमध्ये एका ‘मनःशांती’ ॲपची लिंक आहे. फुकट, “गुप्ततेची हमी”, आणि उघडलं की पहिल्यांदा मागतं कॉन्टॅक्ट आणि लोकेशन. आशाताईला दोन उत्तरं द्यायला घाबरणारी मावशी तिथे अख्खं फोनबुक देऊन बसली. ‘बेटरहेल्प’ या बड्या अमेरिकी समुपदेशन सेवेनेही अशीच गुप्ततेची हमी दिली होती. ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक आणि स्नॅपचॅटला पुरवल्याबद्दल २०२३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तिला ७८ लाख डॉलर मोजायला तयार व्हावं लागलं. हे तिथलं, जिथे विचारणारं कुणी आहे. या लिंकवाल्याचा तर पत्ताही नाही.

तेव्हा ग्रुपवरच्या सगळ्यांना: ती लिंक उघडली असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आधी ॲपच्या परवानग्या बंद करा, खातं डिलीट करा, मग ॲप काढा. जमत नसेल तर मला फोन करा, सांगते. आणि मावशी, आशाताईचा नंबर तुझ्याकडे नसेल तर अंगणवाडीत मिळेल. काकांना घेऊन उपकेंद्रात कधी येऊ, एवढंच विचार.