‘ॲपने तपासलंय’ म्हणून वही बंद करू नका

सुट्ट्या लागल्या की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘बुकिंग ॲपवरून आलं असेल तर पाहुण्याची ओळख ॲपने तपासलेली असते. आधार मागणं बेकायदा आहे. ॲडव्हान्सचा स्क्रीनशॉट आला की खोली पक्की.’ पहिलं आणि तिसरं वाक्य साफ चूक. दुसऱ्यात अर्धं तथ्य आहे.

ॲप तपासतं ते फार तर बुकिंग करणाऱ्याला. एअरबीएनबी ओळखपत्र घेतं, पण ते मालकाला दाखवत नाही आणि सोबतच्या सात जणांना विचारतही नाही. बुकिंग एकाने करायचं आणि तारकर्लीत त्याचे मित्रच उतरायचे, हे तर नेहमीचंच. म्हणून बुकिंग आलं की सगळ्यांची नावं आणि गाडीचा नंबर मागवा. दारात ओळखपत्रावरचा चेहरा जुळवा. रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रौढाचं नाव, पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, आल्याची वेळ आणि सही हवी. ओळखपत्र लागेल हे लिस्टिंगमध्येच लिहा. नाहीतर रात्री नऊला दारात वाद होतो आणि लेखी काही नसल्याने ॲपकडे तुमची बाजू लंगडी पडते.

पाहुणा परदेशी असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा पाहून 24 तासांत त्याची माहिती परदेशी पाहुण्यांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन फॉर्ममध्ये (सी-फॉर्म म्हणून ओळखला जाणारा) भरायची. एकच खोली देत असाल तरी सुटका नाही. पोर्टलवरचा युजर आयडी हंगामाआधीच काढून ठेवा, पाहुणा पडवीत बसल्यावर ती धावपळ नको.

आता आधार. ‘आधारच द्या’ असा हट्ट धरता येत नाही, हे खरं. मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट चालतं. पॅनवर पत्ता नसतो, म्हणून ते पुरत नाही. आधार दिलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या ॲपने त्यावरचा क्यूआर स्कॅन करा. छापील कार्डावरचं नाव संगणकावर बदलता येतं, क्यूआरमधला सही केलेला मजकूर बदलता येत नाही. साध्या स्कॅनरवर नुसती आकड्यांची रांग दिसते, त्यावरून कार्ड खोटं ठरवू नका. आणि पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो घरच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

स्क्रीनशॉट बनवायला मिनिटही लागत नाही. पैसे जमा झाल्याचा एसएमएससुद्धा खोटा असू शकतो. बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम आणि यूटीआर (यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक) पाहा, मगच हो म्हणा. ‘चुकून दहाऐवजी वीस हजार गेले, उरलेले परत करा’ हा फोन याच जातीचा. त्याचा थोरला भाऊ म्हणजे ‘लष्करी अधिकारी’: वीस जवानांसाठी खोल्या हव्यात म्हणतो आणि ॲडव्हान्स मिळवायला क्यूआर स्कॅन करायला लावतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की तुमच्याच खात्यातून जातात. गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात पोचून काढली गेली नसेल तोवरच ती अडवता येते.

कमिशन वाचवायला ॲपबाहेर पैसे घेतलेत, तर नंतरच्या नुकसानीत ॲप हात वर करतं.