ग्लायडरचा पंख कोण धरणार?

शुक्रवारी रात्री पाऊस पूर्वेकडे सरकला आणि मागून वायव्येची थंड, स्वच्छ हवा आली. सकाळी इंग्लंडमधल्या डन्स्टेबलच्या आमच्या ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर तापमान 11 अंश, दवबिंदू 1. या दोहोंतल्या दर अंशाच्या फरकाला साधारण 400 फूट धरतात, म्हणजे ढगांचा तळ 4000 फुटांवर. एप्रिलच्या सुरुवातीला असा दिवस मिळणं भाग्याचं. वरची हवा अजून हिवाळ्याची, ऊन मात्र वसंतातलं, त्यामुळे जमीन थोडी तापली तरी थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, जोरात वर उठतात.

उड्डाणाची माझी पाळी एक वाजता आली. त्याआधी साडेआठपासून हँगर उघडणं, ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बाहेर काढून पुसणं, तपासणी, ग्लायडर वर खेचणाऱ्या विंच यंत्राचे दोर ट्रॅक्टरने ओढून आणणं, दुसऱ्यांचं ग्लायडर सुटताना ते कलू नये म्हणून त्याचा पंख धरून धावणं. सगळे सभासद हेच करतात. मला शिकवणारे निवृत्त शिक्षक एक पैसा घेत नाहीत. 1930 पासून हा क्लब सभासदांच्या अशाच अंगमेहनतीवर उभा आहे.

विंचने मिनिटभरात 1300 फुटांवर नेऊन सोडलं. नांगरलेल्या एका तपकिरी शेतावर दोन लाल घारी पंख न हलवता वर चढत होत्या. इंग्लंडमधून नाहीशा झालेल्या या घारी 1989 नंतरच्या काही वर्षांत स्पेनहून आणून इथल्या चिल्टर्न टेकड्यांत पुन्हा वसवल्या. त्यांच्या खाली जाऊन वळले, आणि वर चढण्याचा वेग आवाजाने सांगणाऱ्या व्हेरिओमीटरचा सूर चढला. मिनिटाला 400 फूट! पूर्वेला ल्यूटन विमानतळाचं नियंत्रित आकाश, म्हणून पश्चिमेकडे ढगामागून ढग धरत गेले. इंजिन नाही, फक्त वाऱ्याची सळसळ. एक तास चाळीस मिनिटांनी उतरले तेव्हा बोटं गारठली होती आणि मला परत वर जायचं होतं.

फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर पुण्यातल्या हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरचं पुढे काय करायचं, हा वाद चालूच होता. माझं बालपण तिथलं. गच्चीवरून त्या सेंटरची पांढरी ग्लायडर्स बघतच मी मोठी झाले. मामा म्हणतात, सरकारला जमत नाही, खासगी कंपनीला चालवायला द्या. मावशीचं म्हणणं, एकदा खासगी झालं की आपल्या मुलांना ते परवडणार नाही. चुलतभावाला वाटतं, शहरात श्वास घ्यायला जागा उरली नाही, तिथे उद्यान करा.

मावशीची भीती मला खरी वाटते. सरकारी केंद्र असल्यामुळेच साध्या घरातल्या मुलांना तिथे आकाश बघता आलं. इथल्या क्लबची हीच मोठी उणीव आहे. वर्गणी भरणारा, गाडी असलेला, शनिवार मोकळा असलेला माणूसच इथे टिकतो, आणि मैदानावर माझ्यासारखे चेहरे फार थोडे दिसतात. पुण्यात सहा दिवस राबणाऱ्याने सातवा दिवस हँगरमध्ये घालवावा, हे मी इथे बसून सांगणं योग्य नाही.

तरीही सरकार की कंपनी, एवढ्यावरच वाद थांबावा हे मला पटत नाही. दोन्हीत शिकणारा मुलगा फक्त गिऱ्हाईकच राहतो. जागा सरकारच्याच मालकीची राहू दे, सुरक्षेचे नियम आणि तपासणीही त्यांचीच. पण रोजचं उडवणं, दोर ओढणं, नवख्यांना शिकवणं सभासदांच्या संस्थेकडे द्यावं, आणि ज्याला वर्गणी जमत नाही त्याची ती कामातून फेडून घ्यावी. हे आपल्याला जमेल का, असं कुणी विचारलं तर मी सह्याद्रीकडे बोट दाखवीन. दरीत कुणी अडकलं की गिर्यारोहण संस्थांची मुलं नोकरी बाजूला ठेवून, रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरतात. ते कोणाकडून पगार घेतात?

संध्याकाळी सात वाजता हँगरमध्ये ग्लायडर्स एकात एक बसवत होतो. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी शेपटीला धरून हळूहळू मागे सरकवत होती. इथे चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येतं. तिने सकाळपासून माझा पंख दोनदा धरला होता. हडपसरच्या गच्च्यांवर आजही तिच्या वयाची मुलं उभी असतील. डिसेंबरमध्ये येतेय, मामा. तुमच्या ओळखीत गिर्यारोहक असतील तर एक संध्याकाळ बोलवा, चहा माझ्याकडून.