बाळाच्या जुलाबावर ‘पो चाय’ नाही, ओआरएसच

‘चीनच्या पो चाय गोळ्या, शंभर वर्षांहून जुनं औषध. अपचन, गॅस, उलट्या, जुलाब, सगळ्यांवर एकच. पूर्ण वनस्पतीजन्य, अपाय शून्य. बाळाला जुलाब झाले तर ओआरएसच्या भानगडीत पडू नका.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या वहिनीकडे आला. तिचं बाळ दहा महिन्यांचं आहे आणि सिंगापूरहून आलेला या गोळ्यांचा डबा घरातच आहे. गप्प कशी बसू?

औषध जुनं आहे, हे खरं. १८९६ साली फोशानमध्ये ते तयार झालं. हाँगकाँग, सिंगापुरात घरोघरी असतं. जड जेवणानंतर मोठ्या माणसाला त्यानं बरं वाटत असेलही. एवढंच मान्य.

पण ‘ओआरएस नको’? हे लिहिणाऱ्याला जुलाबात मूल कशानं दगावतं तेच ठाऊक नाही. अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, त्यानं दगावतं. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेबरोबर मीठ आणि पाणी शोषून घेतं. ओआरएस म्हणजे मीठ-साखर कालवलेलं पाणी; ते चालतं ते यावरच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातूनच रुग्णांना पाजलं. एरवी २० ते ३० टक्के रुग्ण दगावत होते; तिथे ४ टक्क्यांहून कमी दगावले. हे कुठल्या गोळीनं करून दाखवलंय?

‘अपाय शून्य’ म्हणणाऱ्यांनी २०१० साल आठवावं. सिंगापूरच्या तपासणीत याच नावाच्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन आणि फिनॉल्फ्थॅलीन सापडलं आणि हाँगकाँगला माल परत मागवावा लागला. सिब्युट्रामिन भूक मारतं. हृदयाला धोका म्हणून भारतातही ते २०११ मध्ये बंद झालं. आणि फिनॉल्फ्थॅलीन तर रेचक! जुलाबावरच्या औषधात पोट साफ करायचं औषध!

सगळ्या तक्रारींवर एकच गोळी, यावर वेगळं काय बोलायचं? अपेंडिक्सही पोटातच दुखतं, मग तिथेही हीच गोळी?

वहिनीला सांगितलंय तेच इथे: पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवा, चमच्या-चमच्यानं पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंक डॉक्टरांना विचारून द्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.